पोलंडचे भूमिगत राज्य (१९३९–१९४५) : संघटन, उत्तरदायित्व आणि गुप्त शिक्षण

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या ताब्यात गेलेल्या युरोपातील बहुतेक देशांत भूमिगत चळवळी उभ्या राहिल्या. फ्रान्स, नॉर्वे, ग्रीस, युगोस्लाव्हिया या देशांतील प्रतिकाराचा इतिहास सामान्यतः उडविलेले पूल, रुळावरून घसरविलेल्या आगगाड्या आणि रात्रीच्या अंधारात झालेले हल्ले यांच्या आधारे सांगितला जातो. हे प्रसंग खरे आहेत व त्यांमागील धैर्यही खरे आहे. परंतु एखादी चळवळ शत्रूच्या डोळ्यांदेखत पाच-सहा वर्षे टिकून राहते, तेव्हा तिच्यामागे वेगळ्याच प्रकारचे काम चाललेले असते. पैसा कोठून येतो, त्याचा हिशेब कोण ठेवतो, हुकूम देण्याचा अधिकार कोणाला, पकडल्या गेलेल्या माणसाची जागा कोण घेतो, फितुराला शिक्षा कोणी व कोणत्या आधारावर द्यावयाची, या प्रश्नांची उत्तरे ज्या चळवळीपाशी असतात तीच टिकते.

या दृष्टीने पोलंडचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. तेथे केवळ भूमिगत फौज उभी राहिली असे नाही, तर सैन्य, मुलकी प्रशासन, न्यायालये, वृत्तपत्रे आणि शाळा असलेले एक संपूर्ण गुप्त राज्य चालविले गेले. मराठी वाचकाला ‘प्रतिसरकार’ हा शब्द सातारा जिल्ह्यातील १९४३ ते १९४६ या काळातील चळवळीमुळे परिचित आहे. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या चळवळीनेही तुफान सेना उभारली, गावोगाव लोकन्यायालये चालविली. या दोन चळवळींचा परस्परांशी संबंध नव्हता. मात्र ज्या राजवटीला जनता आपली मानीत नाही, तिच्या शेजारी स्वतःची व्यवस्था उभी करणे ही कल्पना दोन्हीकडे समान होती. पोलंडच्या बाबतीत तिला आणखी एक पैलू होता, तो म्हणजे कायदेशीर सातत्याचा.

कायदेशीर सातत्याचा आधार

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत संघाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. महिन्याभरातच देशाची वाटणी झाली. पश्चिमेचा काही भाग जर्मनीने स्वतःला जोडून घेतला, मध्य पोलंड ‘जनरल गव्हर्मेंट’ या नावाने हान्स फ्रांक याच्या कारभाराखाली आला आणि पूर्व भाग सोव्हिएत संघाकडे गेला. १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर चाल केल्यावर पूर्व भागही जर्मनांच्या ताब्यात आला.

राष्ट्राध्यक्ष मोश्चित्स्की यांना रुमानियात स्थानबद्ध व्हावे लागले. तथापि १९३५ च्या पोलिश राज्यघटनेत युद्धकाळात राष्ट्राध्यक्षाने आपला उत्तराधिकारी नेमण्याची तरतूद होती. तिचा उपयोग करून व्लादिस्लाव राच्केविच यांची नेमणूक झाली आणि जनरल सिकोर्स्की पंतप्रधान झाले. हे सरकार प्रथम फ्रान्समध्ये व जून १९४० नंतर लंडनमध्ये होते. मित्रराष्ट्रांनी त्याला मान्यता दिलेली होती. त्यामुळे देशात गुप्तपणे काम करणारा कार्यकर्ता स्वतःला बंडखोर समजत नसे. जे सरकार कधी बरखास्तच झाले नाही, त्याचा तो सेवक होता. या समजुतीने पुढच्या सर्व रचनेला आकार दिला.

सैन्य आणि मुलकी शाखा

२६–२७ सप्टेंबर १९३९ च्या रात्री, वॉर्सा शरण जाण्याच्या बेतात असताना, जनरल तोकाझेव्स्की यांनी पहिली गुप्त लष्करी संघटना स्थापन केली. नोव्हेंबरमध्ये तिचे रूपांतर ‘सशस्त्र संघर्ष संघा’त झाले आणि १४ फेब्रुवारी १९४२ रोजी तिला ‘स्वदेश सेना’ हे नाव मिळाले. पोलिश भाषेत हीच ‘आर्मिया क्रायोवा’. १९४४ मध्ये तिची शपथबद्ध सदस्यसंख्या साडेतीन लाखांच्या पुढे होती.

या सेनेचे मुख्यालय सात विभागांत वाटलेले होते : संघटन, गुप्तवार्ता, कारवाया व प्रशिक्षण, पुरवठा, संपर्क, माहिती व प्रचार आणि वित्त. म्हणजे सातांपैकी प्रत्यक्ष लढाईशी थेट संबंध असलेले विभाग थोडेच. मुख्यालयाखाली प्रांत, जिल्हा, तालुका आणि गाव अशी उतरती साखळी असे.

सैन्याच्या बरोबरीने मुलकी शाखा होती. लंडनमधील सरकारने देशात आपला एक प्रतिनिधी नेमला होता. त्याच्या हाताखाली अंतर्गत कारभार, न्याय, शिक्षण, समाजकल्याण, माहिती अशी खाती असत. ही खाती युद्धपूर्व मंत्रालयांच्या नमुन्यावर बेतलेली होती. त्यांच्या जोडीला समाजवादी, शेतकरी, राष्ट्रवादी आणि ख्रिस्ती श्रमिक या चार पक्षांची राजकीय समिती होती. तिचा विस्तार होऊन जानेवारी १९४४ मध्ये राष्ट्रीय एकता परिषद अस्तित्वात आली. युद्धापूर्वी यांतील काही पक्ष सरकारविरोधी होते व त्यांच्यात आपसांतही तीव्र मतभेद होते. तरीही सेनापतीने प्रतिनिधीशी आणि प्रतिनिधीने पक्षांशी सल्लामसलत करावी, हा दंडक सामान्यतः पाळला गेला. बंदूक हातात असलेल्या शाखेवर मुलकी शाखेचा काही अंकुश राहावा, हा त्यामागील हेतू होता.

पद आणि व्यक्ती

गुप्त संघटनेपुढील मूलभूत पेच असा की, माहिती वाटली नाही तर काम होत नाही आणि वाटली तर एका अटकेने सारी साखळी उघडी पडते. पोलिश भूमिगतांनी यावर तीन उपाय योजले. पहिला म्हणजे टोपणनावे. सेनापती स्टेफान रोवेत्स्की हे ‘ग्रोत’ म्हणजे भाल्याचे टोक, तर त्यांचे उत्तराधिकारी तादेउश कोमोरोव्स्की हे ‘बूर’ म्हणजे वन या नावाने ओळखले जात. दुसरा उपाय लहान गटांचा. आउश्वित्झ येथील छळछावणीत सप्टेंबर १९४० मध्ये स्वतःहून अटक करवून घेऊन शिरलेले अधिकारी विटोल्ड पिलेत्स्की यांनी छावणीच्या आतसुद्धा पाच-पाच जणांचे गट उभे केले. एका गटाला दुसऱ्याची माहिती नसे. तिसरा उपाय संदेशवाहकांचा. दोन अधिकारी परस्परांना शक्यतो थेट भेटत नसत, त्यांच्यामधील दुवा बहुधा एखादी तरुणी असे.

या संदेशवाहक स्त्रियांशिवाय संघटना एक दिवसही चालली नसती. त्यांपैकी एल्झ्बिएता झावात्स्का या गणिताच्या शिक्षिका होत्या. त्यांनी जर्मनीच्या हद्दीतून अनेकदा ये-जा केली. १९४३ मध्ये युरोप ओलांडून त्या लंडनला पोहोचल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हवाई छत्रीने पुन्हा पोलंडमध्ये उतरल्या. ब्रिटनमधून अशा रीतीने ३१६ प्रशिक्षित सैनिक पोलंडमध्ये उतरविण्यात आले, त्यांत झावात्स्का या एकमेव स्त्री होत्या.

या सर्व रचनेची खरी कसोटी १९४३ च्या पूर्वार्धात लागली. फेब्रुवारीत सरकारचे प्रतिनिधी यान पिएकाल्किएविच यांना अटक झाली, पुढे कैदेतच त्यांचा अंत झाला. ३० जूनला सेनापती रोवेत्स्की फितुरीमुळे पकडले गेले. त्यानंतर चारच दिवसांनी, ४ जुलै रोजी, पंतप्रधान सिकोर्स्की जिब्राल्टर येथे विमान अपघातात मृत्यू पावले. पाच महिन्यांच्या आत सैन्य, मुलकी शाखा आणि परदेशातील सरकार या तिन्हींचे प्रमुख नाहीसे झाले. एखाद्या नेत्याच्या व्यक्तिमत्त्वावर उभी असलेली चळवळ अशा आघाताने कोसळली असती. येथे मात्र उपसेनापती कोमोरोव्स्की यांनी सेनापतिपद आणि उपप्रतिनिधी यान स्तानिस्लाव यान्कोव्स्की यांनी प्रतिनिधिपद सांभाळले. काम चालू राहिले, कारण अधिकार पदाला जोडलेला होता, माणसाला नव्हे.

पैसा आणि वृत्तपत्रे

पूर्णवेळ कार्यकर्त्यांचे मानधन, भाड्याच्या खोल्या, बनावट ओळखपत्रे, कागद, लाच आणि तुरुंगात असलेल्यांच्या कुटुंबीयांना मदत, हे भूमिगत चळवळीचे नित्याचे खर्च असत. लंडनमधील सरकार हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांबरोबर डॉलर पाठवीत असे. ते काळ्या बाजारात बदलून घेऊन वापरले जात. देशातही पैसा उभा केला जाई. १२ ऑगस्ट १९४३ रोजी वॉर्सातील सेनातोर्स्का रस्त्यावर स्वदेश सेनेच्या तुकडीने जर्मनांच्या अधीन असलेल्या बँकेची गाडी अडवून दहा कोटींहून अधिक झ्लॉटी ताब्यात घेतले. या कारवाईची तयारी दीर्घकाळ चालली होती. हा पैसा संघटनेच्या खजिन्यात जमा झाला, तो करणाऱ्यांच्या खिशात गेला नाही, म्हणूनच ती लूट न ठरता कारवाई ठरली.

जनतेशी नाते टिकविण्याचे मुख्य साधन वृत्तपत्रे होती. ‘बिउलेतिन इन्फोर्मात्सिइनी’ हे पत्र नोव्हेंबर १९३९ मध्ये सायक्लोस्टाईलवर निघू लागले. त्याचे संपादक अलेक्सांदर कामिन्स्की हे बालवीर चळवळीतील शिक्षणतज्ज्ञ होते. पुढे त्याचा खप चाळीस हजारांच्या वर गेला. युद्धाच्या बातम्यांबरोबरच सामान्य नागरिकाने कसे वागावे याच्या सूचना त्यात येत. शत्रूला धान्य देताना टाळाटाळ करावी, कारखान्यात काम सावकाश करावे, जर्मन अधिकाऱ्यांशी घरोबा ठेवू नये, असे त्यांचे स्वरूप असे. या मुलकी प्रतिकाराचे संचालन स्टेफान कोर्बोन्स्की या वकिलाकडे होते. सूचना मोडणाऱ्याचे नाव जाहीर करून त्याला सार्वजनिक नापसंतीची शिक्षा दिली जाई.

न्यायदानाचा प्रश्न

भूमिगत चळवळीच्या नैतिकतेची कसोटी न्यायदानात लागते. खबऱ्यांमुळे माणसे मरत होती आणि त्यांना कोंडून ठेवण्यास तुरुंग नव्हता. मृत्युदंड, फटके, दंड किंवा बदनामी एवढेच पर्याय उरत. आरोपीला बोलावून त्याची बाजू ऐकणेही बहुधा अशक्य असे. अशा स्थितीत संशयावरून वा वैयक्तिक वैरातून खून होण्याचा धोका उघड होता.

तो टाळण्यासाठी लष्करी व मुलकी अशी विशेष न्यायालये स्थापन झाली. न्यायाधीश शक्यतो कायद्याचे जाणकार असत. पुरावा लेखी स्वरूपात मांडला जाई, तो अपुरा वाटल्यास प्रकरण परत पाठविले जाई व मृत्युदंडाला वरिष्ठांची संमती लागे. निकाल भूमिगत वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होत. ही पद्धत निर्दोष नव्हती. चुका झाल्या आणि सर्वच ठार मारलेल्यांच्या मागे न्यायालयाचा निकाल होता असेही नाही. तथापि शिक्षेपूर्वी कोणीतरी कागद वाचला पाहिजे व त्यावर आपली जबाबदारी घेतली पाहिजे, हे तत्त्व मान्य झाले, हीच मोठी गोष्ट होय.

शिक्षेची किंमतही मोजावी लागे. वॉर्सातील एस. एस. व पोलीस दलाचा प्रमुख फ्रान्झ कुचेरा याला १ फेब्रुवारी १९४४ रोजी ठार मारण्यात आले. त्याचा सूड म्हणून जर्मनांनी तीनशेच्या आसपास ओलिसांना गोळ्या घातल्या. आपल्या कृतीसाठी अन्य कोणाला मरावे लागेल, याचा हिशेब प्रत्येक हुकुमापूर्वी मांडावा लागत होता.

गुप्त शिक्षण

अध्यापकांच्या दृष्टीने या राज्याचे सर्वांत महत्त्वाचे खाते शिक्षणाचे होते. पोलिश लोकांना केवळ मजूर म्हणून ठेवावयाचे, असे नाझी धोरण होते. पोलिश मुलांना चार इयत्तांची शाळा, स्वतःचे नाव लिहिणे आणि पाचशेपर्यंत मोजणे एवढे शिक्षण पुरे, असे हिमलरने मे १९४० च्या टिपणात नोंदविले होते. ६ नोव्हेंबर १९३९ रोजी क्राकोव्ह येथील यागिएलोनियन विद्यापीठातील प्राध्यापकांना व्याख्यानाच्या निमित्ताने एकत्र बोलावून १८० हून अधिक जणांना अटक करण्यात आली. त्यांतील बहुतेकांना साक्सेनहाउझेन छावणीत पाठविले गेले. विद्यापीठे आणि माध्यमिक शाळा बंद झाल्या. जनरल गव्हर्मेंटमध्ये प्राथमिक व व्यवसाय शाळा चालू राहिल्या, पण पोलंडचा इतिहास आणि भूगोल शिकविण्यास बंदी आली. जर्मनीला जोडलेल्या प्रदेशात तर पोलिश शाळाच उरल्या नाहीत.

ऑक्टोबर १९३९ मध्येच शिक्षक संघाच्या कार्यकर्त्यांनी गुप्त शिक्षक संघटना स्थापन केली. शिकविण्याच्या तीन पद्धती रूढ झाल्या. उघड चालणाऱ्या प्राथमिक शाळेत निषिद्ध विषय चोरून शिकविणे ही पहिली. व्यवसाय शाळेच्या नावाखाली माध्यमिक व उच्च अभ्यासक्रम चालविणे ही दुसरी. वॉर्सात डॉ. यान झाओर्स्की यांनी आरोग्य साहाय्यकांची शाळा म्हणून परवानगी मिळविली आणि तिच्या आड वैद्यकीय महाविद्यालयाचे शिक्षण दिले. तिसरी पद्धत घरगुती वर्गांची. सहा ते बारा विद्यार्थी एखाद्याच्या घरी जमत, एकेकटे येत आणि एकेकटे जात. पकडले गेल्यास शिक्षक, विद्यार्थी आणि घरमालक या सर्वांनाच छळछावणी वा मृत्यूची भीती असे.

येथेही काम केवळ उत्साहावर सोडलेले नव्हते. सरकारी प्रतिनिधीच्या शिक्षण खात्याचे प्रमुख चेस्वाव विसेख हे स्वतः शिक्षक होते. अभ्यासक्रम ठरविणे, शिक्षकांना आर्थिक साहाय्य देणे, परीक्षा मंडळे नेमणे ही कामे या खात्यामार्फत चालत. परीक्षेत सवलत नव्हती. युद्ध संपल्यावर देशाला डॉक्टर, अभियंते व शिक्षक लागतील आणि त्यांची पदवी खरी असली पाहिजे, ही जाणीव त्यामागे होती. १९४४ पर्यंत माध्यमिक स्तरावर सुमारे एक लाख आणि विद्यापीठ स्तरावर सुमारे दहा हजार विद्यार्थी अशा गुप्त वर्गांतून शिकत होते, असा सर्वसाधारण अंदाज आहे. पुढे पोप झालेले कारोल वोइतिवा हे क्राकोव्हमधील अशाच गुप्त विद्यार्थ्यांपैकी एक.

याच काळात पोलिश शिक्षणाचा एक धागा मराठी मुलखातही आला होता. सोव्हिएत संघाने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेल्या व नंतर सुटका झालेल्या कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार लोक, मुख्यतः स्त्रिया आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळील वळिवडे येथील छावणीत राहिले. तेथे मुलांसाठी पोलिश शाळा चालत. वॉर्सात जो अभ्यास पडद्याआड चालला होता, तोच वळिवड्यास उघडपणे चालू होता.

नोंद ठेवण्याचे धैर्य

गुप्ततेच्या दृष्टीने नोंद ही धोक्याची वस्तू होय. तरीही काही नोंदी ठेवणे भाग होते. ज्यू लोकांना मदत करण्यासाठी डिसेंबर १९४२ मध्ये ‘झेगोता’ नावाची परिषद स्थापन झाली. ज्यूंना आश्रय देणाऱ्यास जनरल गव्हर्मेंटमध्ये मृत्युदंड होता. परिषदेच्या बालक विभागाच्या प्रमुख इरेना सेंडलर यांनी वॉर्साच्या ज्यू वस्तीतून बाहेर काढलेल्या मुलांची खरी व बदललेली नावे पातळ कागदावर लिहून ठेवली. पुढे ती यादी बरणीत घालून जमिनीत पुरण्यात आली. मूल वाचले पण आपण कोण हे विसरले, असे होऊ नये यासाठी हा धोका पत्करला गेला. ऑक्टोबर १९४३ मध्ये सेंडलर यांना अटक झाली, पण यादी शत्रूच्या हाती पडली नाही. संघटनेने लाच देऊन त्यांची सुटका करविली.

मर्यादा आणि अपयश

या राज्याचे चित्र केवळ उजळ रंगात रंगविणे इतिहासाला धरून होणार नाही. ज्यू नागरिकांच्या संहाराची माहिती यान कार्स्की यांच्यासारख्या दूतांनी जीव धोक्यात घालून लंडन व वॉशिंग्टनपर्यंत नेली, हे खरे. परंतु एप्रिल १९४३ मध्ये वॉर्साच्या ज्यू वस्तीने उठाव केला, तेव्हा तिला स्वदेश सेनेकडून मिळालेली शस्त्रे मोजकीच होती. ज्यूंना धमकावून पैसे उकळणाऱ्यांना न्यायालयांनी शिक्षा दिल्या, पण त्या उशिरा, १९४३ पासून आणि थोड्या संख्येने. कम्युनिस्टांची संघटना या राज्याबाहेर राहिली. अतिउजव्या गटांपैकी काहींनी त्याचे नियंत्रण मानले नाही.

सर्वांत गंभीर प्रश्न वॉर्साच्या उठावाचा आहे. लंडनमधील सरकारने निर्णयाचा अधिकार देशातील नेत्यांकडे सोपविला होता. ३१ जुलै १९४४ रोजी कोमोरोव्स्की यांनी यान्कोव्स्की यांच्या संमतीने उठावाचा हुकूम दिला आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाच वाजता लढाई सुरू झाली. ती ६३ दिवस चालली. दीड ते दोन लाख नागरिक मृत्युमुखी पडले आणि शहर उद्ध्वस्त झाले. पाच वर्षे सल्लामसलतीचा दंडक पाळणाऱ्या व्यवस्थेत सर्वांत मोठा निर्णय मात्र मोजक्या व्यक्तींनी, अपुऱ्या माहितीवर आणि घाईने घेतला. त्याविषयी पोलिश इतिहासकारांत मतभेद आहेत.

समारोप

१९ जानेवारी १९४५ रोजी स्वदेश सेना विसर्जित झाली. मार्चमध्ये सोव्हिएत अधिकाऱ्यांनी वाटाघाटींसाठी बोलावून यान्कोव्स्की आणि शेवटचे सेनापती ओकुलित्स्की यांच्यासह सोळा नेत्यांना पकडले. जूनमध्ये मॉस्कोत त्यांच्यावर खटला चालला. ओकुलित्स्की व यान्कोव्स्की दोघेही सोव्हिएत कैदेतच मरण पावले. पिलेत्स्की यांना १९४८ मध्ये पोलंडच्या कम्युनिस्ट राजवटीने फाशीची शिक्षा सुनावून गोळी घातली. झावात्स्का यांना १९५१ मध्ये अटक होऊन काही वर्षे तुरुंगात काढावी लागली.

अशा रीतीने या राज्याचे सैन्य पराभूत झाले व त्याचे सरकार परदेशातच राहिले. शिक्षण खात्याची गोष्ट मात्र निराळी झाली. त्याचे गुप्त प्रमुख विसेख हे १९४५ मध्ये उघडपणे शिक्षणमंत्री झाले. घरगुती वर्गांतून शिकलेल्यांच्या परीक्षा पडताळून मान्य करण्यात आल्या आणि युद्धानंतरच्या पोलंडला डॉक्टर, अभियंते, प्राध्यापक मिळाले. चळवळीचे यश केवळ जिंकलेल्या लढायांवर मोजल्यास पोलंडचे भूमिगत राज्य अपयशी ठरते. पण शत्रूने जे नष्ट करावयाचे ठरविले होते ते किती वाचले, अशी मोजणी केली, तर एखाद्या स्वयंपाकघरात सात-आठ मुलांना बीजगणित शिकवून त्यांची परीक्षा काटेकोरपणे घेणाऱ्या शिक्षकाचे काम त्या राज्याच्या कोणत्याही लष्करी कारवाईपेक्षा कमी ठरत नाही.